उजव्या गालाची वंशावळ

कानामागची टाक्यांची खूण आता केसांत लपली आहे आणि गोळ्या बंद होऊनही बरेच महिने झाले, म्हणून हे लिहायला बसलो. आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्यावरची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूच्या तीन शाखा असतात: कपाळाची, गालाची आणि खालच्या जबड्याची. यांपैकी एखाद्या शाखेत, बहुतेकदा एकाच बाजूला, करंट बसावा तशी कळ येते, काही सेकंदांत जाते आणि पुन्हा येते. वर्षाला लाखामागे चार ते तेरा नवे रुग्ण, असा या आजाराचा अंदाज सांगतात. म्हणजे तसा दुर्मीळच. आमच्या घरात मात्र तीन पिढ्यांत तिघांना झाला: आजी, आत्या आणि मी.

"घरात आणखी कुणाला आहे का?" हे मला न्यूरोलॉजिस्टने विचारलं, बायकोने विचारलं, शेवटी विमा कंपनीनेही विचारलं. प्रश्न एकच, पण प्रत्येकाला उत्तर हवं होतं ते निराळ्याच कामासाठी. माझा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच उडाला होता, त्यामुळे इथे त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, संगमनेरला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. गोळ्यांचे आकडे माझ्या फाइलमधले आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

नोव्हेंबर २०२२. दिवाळी नुकतीच झाली होती. दाढी करताना नाकपुडीच्या बाजूला रेझर टेकला आणि वरच्या दाढेपासून डोळ्याखालपर्यंत अशी कळ गेली की रेझर बेसिनमध्ये पडला. मला वाटलं दाढ. डेंटिस्टकडे गेलो, एक्स-रे काढला, दाढेत थोडी कीड दिसली, रूट कॅनॉल झालं, साडेचार हजार रुपये. दुखणं होतं तसंच. पुढच्या काही आठवड्यांत दात घासणं, तोंड धुणं, हसणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, कशानेही कळ यायला लागली. स्कूटरवर गार वारा लागला तरी. मी दाढी करणं सोडून दिलं. शिर्डी शेजारीच असल्यामुळे दुकानात येणारे विचारायचे, "काय, बाबांना बोललात का काही?" हो म्हणायचो. नवस म्हटल्यावर पुढचं बोलावं लागत नाही. भाकरी दुधात कुस्करून डाव्या बाजूने गिळायचो. वजन उतरलं ते घरच्यांना दिसत होतं, मला कळत नव्हतं.

डेंटिस्ट म्हणाले, दाढ काढून टाकू. तारीखही ठरली. त्याच्या आदल्या दिवशी आत्याचा फोन आला. आत्या अकोले तालुक्यात, तेव्हा वय एकोणसत्तर. बायकोने तिला सहज सांगितलं होतं.

"बाळा, दाढ काढू नको," आत्या म्हणाली. "माझ्या चार गेल्या, दुखणं जागच्या जागी. आईच्या तर त्या बाजूला एक राहिली नव्हती."

आई म्हणजे माझी आजी. ती १९९४ मध्ये गेली. बोलता बोलता मध्येच थांबायची, तळहात गालाजवळ न्यायची पण गालाला लावायची नाही, आणि डोळे मिटून बसायची. आम्ही पोरं समजायचो म्हातारी रागावली. वैद्यांनी तिला अनंतवात सांगितला होता, नाकात तेल घालायला दिलं होतं. एका देवऋष्याकडेही नेलं होतं. दाढा काढल्या त्या आठवडे बाजारात बसणाऱ्या माणसाकडून. आत्याला बावन्नाव्या वर्षी सुरू झालं, तर तिनं ते 'आईचं दुखणं' म्हणून निमूट सोसलं. मधे वर्ष-वर्ष काहीच नसायचं, मग पुन्हा सुरू. या आजाराची ती रीतच आहे, त्यामुळे जे काही चालू असेल त्याने बरं वाटलं असं प्रत्येक वेळी वाटतं.

डेंटिस्टना मी दोष देत नाही. गालाची जी शाखा आहे तीच वरच्या दाढांनाही जाते, त्यामुळे दुखतं ते दाढेतच. जगभर या आजाराचे रुग्ण आधी दातांच्या दवाखान्यातच जातात. पण काही खुणा आहेत, त्या न्यूरोलॉजिस्टनी नंतर सांगितल्या. कळ सेकंदांची असते, फार तर दोन मिनिटांची. कीड लागलेली दाढ ठणकते, हे ठणकत नाही. दाबल्यापेक्षा हलक्या स्पर्शाने जास्त उठते. आणि दाढ रात्री झोपू देत नाही, हा आजार बहुतेकांना झोपेत सोडून देतो. एवढं जुळत असेल तर दाढ काढायच्या आधी न्यूरोलॉजिस्टला एकदा दाखवा.

जानेवारी २०२३ मध्ये नाशिकला न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली, दोन आठवडे थांबून. फी आठशे. त्यांनी कापसाच्या बोळ्याने दोन्ही गाल तपासले, कुठे बधिरपणा आहे का पाहिलं, कधी दोन-दोन दिसतं का, हातापायाला मुंग्या येतात का, तोल जातो का असं बरंच विचारलं. हे मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब होण्याचा आजार) किंवा मज्जातंतूवर गाठ वगैरे नाही ना, यासाठी. मग घरातलं विचारलं. मी आजी-आत्याचं सांगितलं, त्यांनी केस पेपरवर इंग्रजीत लिहिलं, फॅमिली हिस्ट्री पॉझिटिव्ह. उजवा गाल तिघांचाही, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, हा आजार मुळातच उजवीकडे जास्त होतो, त्यात घराणेशाही काही नाही.

औषध कार्बामाझेपीन. १९६२ पासून या आजाराला वापरतात, अजूनही पहिलं औषध तेच. पण ते सुरू करण्याआधी त्यांनी एक रक्ततपासणी लिहून दिली: एचएलए-बी*१५:०२. मला वाटलं आजार आनुवंशिक आहे का, ते यात कळणार. तसं नव्हतं. ही तपासणी आजाराची नाही, औषधाची. जनुकाचा हा प्रकार ज्याच्या अंगात आहे त्याला कार्बामाझेपीनने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम होण्याचा धोका पुष्कळ वाढतो. अंगावरची कातडी, तोंडाची आणि डोळ्यांची आतली त्वचा सोलून निघते, माणूस दगावूही शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामकाने, २००७ मध्ये सांगितलं की आशियाई वंशाच्या रुग्णांत आधी ही तपासणी करा. भारतीयांत शंभरात साधारण दोन ते चार जणांत हा प्रकार सापडतो, काही समाजांत त्याहून जास्त.

नाशिकच्या लॅबने नमुना मुंबईला पाठवला. ५,२०० रुपये, रिपोर्ट यायला आठवडा उलटून गेला. तोवर गॅबापेंटिन दिलं होतं, त्याने झोप यायची, कळ तशीच. रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मेडिकलमधून कार्बामाझेपीनची पहिली स्ट्रिप घेतली, वीस रुपयांच्या आसपास. पाच हजारांची तपासणी आणि वीस रुपयांची गोळी. सगळेच डॉक्टर ही तपासणी लिहून देतात असं नाही. आपण विचारायला हरकत नसते. आणि निगेटिव्ह आला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड यांतलं काही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे त्यांनी मला आणि बायकोला दोघांनाही समोर बसवून सांगितलं.

गोळी लागू पडली. चौथ्या दिवशी मी ओंजळीने तोंडावर पाणी मारलं आणि मग पुन्हा मारलं, विश्वास बसेना म्हणून. गोळीने इतका स्पष्ट फरक पडतो हीसुद्धा निदानाची एक खूणच मानतात. चक्कर मात्र यायची, पहिले काही दिवस जिना धरून उतरायचो. एका लग्नपत्रिकेत मी मुहूर्ताची वेळ चुकीची टाईप केली, नशिबाने प्रूफ बघायला नवऱ्या मुलाचे मामा आले होते. महिनाभराने कळा परत आल्या तेव्हा मला वाटलं संपलं, औषध उतरलं. तर ते ठरलेलंच असतं: कार्बामाझेपीन यकृताला असं कामाला लावतं की ते स्वतःच लवकर साफ होऊ लागतं, त्यामुळे तीन ते पाच आठवड्यांत रक्तातली पातळी खाली येते आणि डोस वाढवावा लागतो. हे आधी माहीत असतं तर ते चार दिवस बरे गेले असते. या गोळीमुळे इतरही काही औषधांचा असर कमी होतो, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या त्यातल्याच. तुमची चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा.

एमआरआय फेब्रुवारीत केला, साडेनऊ हजार. इथे एक सांगतो. साधा मेंदूचा एमआरआय यासाठी पुरेसा नाही. चिठ्ठीवर ट्रायजेमिनल प्रोटोकॉल असं लिहून आणा, म्हणजे त्या मज्जातंतूचे बारीक जाडीचे थ्रीडी काप घेतात. शक्य असेल तर थ्री टेस्ला, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशीन. आणि फिल्म घेतलीत तरी सीडी मागून घ्या, सर्जन सीडीच बघतात. माझ्या रिपोर्टमध्ये आलं की सुपीरियर सेरेबेलर नावाची रक्तवाहिनी उजव्या मज्जातंतूच्या मुळाशी टेकली आहे, आणि मज्जातंतू तिथे किंचित सरकलेला आहे. गाठ नाही. धमनीच्या ठोक्याने मज्जातंतूवरचं मायलिनचं आवरण झिजतं, उघडे पडलेले तंतू एकमेकांना लागतात आणि साध्या स्पर्शाचं कळीत रूपांतर होतं.

मग मला सुचलं की शीर, म्हणजे ती रक्तवाहिनी, टेकली हे जर कारण, तर आजीचा संबंध काय? हा प्रश्न मी न्यूरोलॉजिस्टना विचारला. ते म्हणाले, अशी शीर टेकलेली पुष्कळ धडधाकट माणसांतही दिसते, त्यांना आयुष्यात एकदाही कळ येत नाही. म्हणजे शीर टेकणं पुरेसं नाही, आणखी काही लागतं.

ते आणखी काही म्हणजे काय, यासाठी मी पुढे मुंबईला गेलो. खरं तर बायकोमुळे गेलो. मुलगी तेव्हा बारावीला होती. एके रात्री बायको म्हणाली, "अहो, तुमचं बघू आपण, पण पोरीचं काय? आणि उद्या स्थळं बघताना कुणी विचारलं तर?" आत्याने इतकी वर्षं दुखणं दाबून ठेवलं त्यामागेही हेच होतं, तिला दोन मुली उजवायच्या होत्या. हे तिनं मला नंतर सांगितलं.

मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात जेनेटिक ओपीडी आहे. न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी लागली, तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, जून २०२३. केस पेपरचे पैसे नाममात्र. कौन्सेलर बाईंनी फोनवरच सांगितलं होतं की घरातली माणसं लिहून आणा, दोन्ही बाजूंची, कोण हयात, कोण कशाने गेलं, आणि दुखणं असेल तर कितव्या वर्षी सुरू झालं.

मला वाटलं सोपं आहे. चुलत्यांनी त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांच्या नामावळीतून वंशावळ उतरवून आणली होती, मी ती दुकानात छान टाईप करून लॅमिनेटही केली होती. सात पिढ्या. ती काढून बघितली तर एकही मुलगी नाही. आत्या नाही, आजीचं माहेर नाही, आजीच्या बहिणींचा तर प्रश्नच नाही. आणि मला हव्या होत्या त्या नेमक्या त्याच. मग महिनाभर फोन. आजीच्या माहेरच्या एका मावशींनी सांगितलं, आजीच्या धाकट्या बहिणीलाही 'गालाचं' होतं म्हणतात, पण त्या तरुणपणीच गेल्या, कुणाला नक्की सांगता येईना. कौन्सेलर बाईंनी तिथे प्रश्नचिन्ह काढलं. त्यांच्या तक्त्यात पुरुष चौकोन, बाई गोल, आजार असलेले काळे. आजी काळा गोल, वडील पांढरा चौकोन, आत्या काळा गोल, मी काळा चौकोन. वडील शहात्तराव्या वर्षी हृदयविकाराने गेले, त्यांचा गाल कधी दुखला नाही.

त्यांनी माझे पाय बघितले. तळपायाची कमान फार उंच आहे का, टाचेवर चालता येतं का. शार्को-मारी-टूथ नावाचा मज्जातंतूंचा आनुवंशिक आजार आहे, त्याच्या काही घराण्यांत हे चेहऱ्याचं दुखणंही दिसतं. माझ्यात ती लक्षणं नव्हती. घरात कुणाला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे का, तेही विचारलं. नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. बहुसंख्य रुग्णांच्या घरात दुसरं कुणी नसतं. जुनी पुस्तकं घराण्यात असलेल्यांचं प्रमाण शंभरात एक-दोन सांगतात. लंडनच्या विल्फ्रेड हॅरिस यांनी १९३६ मध्येच आनुवंशिकतेवर लिहून ठेवलं आहे, म्हणजे शंका नवी नाही. २०२० मध्ये रोमच्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा ८८ रुग्णांपैकी ११ जणांच्या घरात आणखी कुणीतरी निघालं. त्या अकरा जणांची जनुकं तपासली तर मज्जातंतूंतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आत-बाहेर नेणाऱ्या वाहिन्यांच्या जनुकांत बरेच दुर्मीळ बदल सापडले, पण सगळ्यांत एकच बदल, असं नाही. त्याआधी २०१६ मध्ये एका रुग्णात एनएव्ही १.६ या सोडियम वाहिनीचा असा बदल सापडला होता की मज्जातंतू गरजेपेक्षा जास्त चेततो. गंमत म्हणजे कार्बामाझेपीन काम करतं ते सोडियम वाहिन्यांवरच. मला ते ऐकून बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही. घराण्यातून येत असेल तर तो मज्जातंतूचा हा जादा चेतण्याचा स्वभाव असू शकेल, किंवा कवटीच्या मागच्या भागाची ठेवण, जिथे जागा कमी म्हणून शीर टेकते.

मी विचारलं, टेस्ट करू का? म्हणाल्या, एक्झोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांच्या कामाच्या भागाचं वाचन, करता येईल, बाहेरून तीस हजारांच्या आसपास पडेल. पण बहुधा हाती लागेल तो 'अर्थ नक्की नाही' असा शेरा असलेला बदल, आणि काहीही निघालं तरी तुमचे उपचार तेच राहणार. मुलीची तर अजिबात करू नका. ती अठरा वर्षांचीही नाही, तिला लक्षण नाही, आणि आधीपासून घेण्यासारखं कुठलं औषध नाही. मुलीला होण्याची शक्यता किती, याचा आकडा त्यांनी दिला नाही, देण्यासारखा आकडा नाही म्हणाल्या. वडिलांना झाला नाही, माझ्या भावाला नाही, आत्याच्या मुलींना नाही, हे तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं. ज्या घरात आहे तिथे तो जरा लवकरच्या वयात येतो आणि क्वचित दोन्ही बाजूंना होतो, एवढं लक्षात ठेवा म्हणाल्या. टेस्ट मी केली नाही. परत येताना बायको कल्याणपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, "स्थळाला सांगायचं ते खरं सांगू. बीपी-शुगर सांगतातच की लोक." विषय तिथे संपला.

२०२३ चं उरलेलं वर्ष गोळ्यांवर बरं गेलं. २०२४ च्या सुरुवातीला डोस दिवसाला हजार मिलिग्रॅमपर्यंत गेला. एप्रिलमध्ये एका सकाळी मला दुकानाच्या कुलपाची किल्ली कुठली ते समजेना, उलट्या झाल्या. रक्तात सोडियम १२२ निघालं, असायला हवं १३५ ते १४५. दोन रात्री ॲडमिट. या औषधाने सोडियम उतरतं, त्याच्याच जातीच्या ऑक्सकार्बाझेपीनने आणखी जास्त उतरतं. म्हणून डोस वाढला की सोडियम तपासून घ्या, दोनशे रुपयांची तपासणी आहे. पेशींची मोजणी आणि यकृताची तपासणीही वेळोवेळी असते.

डोस कमी केला, कळा परत. पुण्याच्या न्यूरोसर्जननी पर्याय समजावले. गालातून सुई घालून मज्जातंतूचा मुळाजवळचा गुच्छ (गँग्लियन) उष्णतेने किंवा फुग्याने दाबून बधिर करणं, गॅमा नाइफचे किरण, किंवा कवटी उघडून शीर बाजूला करणं. पहिल्या प्रकारांत कवटी उघडावी लागत नाही, वयस्कर माणसांना ते सोसतं, पण गाल बधिर होतो आणि दुखणं काही वर्षांनी परत येण्याचं प्रमाण जास्त. शेवटचा प्रकार म्हणजे मायक्रोव्हॅस्क्युलर डीकॉम्प्रेशन. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पीटर जॅनेटा यांनी तो रूढ केला. त्यांच्याच केंद्रातल्या ११८५ रुग्णांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दहा वर्षांनंतर सत्तर टक्के लोक गोळीशिवाय वेदनामुक्त होते. ऐकू न येण्याचा धोका थोडा, जिवाचा त्याहून थोडा, पण आहे. मी विचारलं, घराण्यात असलेल्यांना याचा उपयोग होतो का? म्हणाले, एमआरआयमध्ये शीर स्पष्ट दिसते आहे, ऑपरेशन ठरतं ते त्यावर.

आता विमा. माझी मेडिक्लेम पॉलिसी २०१९ ची. नोव्हेंबर २०२४ ची तारीख ठरली, रुग्णालयाने ३,८०,००० चा अंदाज देऊन कॅशलेससाठी कागद पाठवले. नियमाने तासाभरात निर्णय द्यायचा असतो, मे २०२४ पासून आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, तसा आदेश आहे. निर्णय आला नाही, क्वेरी आली. केस पेपरवर फॅमिली हिस्ट्री पॉझिटिव्ह लिहिलं आहे, तर हा आजार जन्मजात किंवा आनुवंशिक आहे का, आणि पॉलिसी घेण्याआधीपासून होता का, याचा खुलासा करा.

माझ्या पोटात गोळा आला. रुग्णालयात विम्याचे कागद बघणाऱ्या टीपीए डेस्कवरची मुलगी मात्र शांत होती, तिला हे रोजचं. तिने दोन गोष्टी मागितल्या. एक, लक्षणं पहिल्यांदा कधी आली याचा कागद. डेंटिस्टची नोव्हेंबर २०२२ ची पावती आणि एक्स-रे माझ्याकडे होता, म्हणजे पॉलिसीनंतर तीन वर्षांनी. ती साडेचार हजारांची रूट कॅनॉलची पावती अशी कामाला आली. दोन, सर्जनचं पत्र. त्यांनी चार ओळी लिहिल्या: एमआरआयनुसार मज्जातंतूवर शिरेचा दाब, हा दोष जन्मजात नाही, कुटुंबात इतरांना असणं ही केवळ नोंद आहे, निदान नव्हे. मी स्वतः एक वेगळं पत्र जोडलं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरसकट 'जनुकीय आजार' वगळण्याची अट भेदभावाची ठरवली होती आणि त्याच वर्षी मार्चमध्ये आयआरडीएआयने कंपन्यांना नव्या पॉलिसींत अशी अट घालू नका म्हणून सांगितलं, एवढाच उल्लेख केला. कशाने काम झालं माहीत नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरी आली. बिल झालं ४,१२,०००, मंजूर ३,४६,०००. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कात्री लागते, त्यामुळे पॉलिसीत बसते तीच खोली घ्या. मेडिक्लेम नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते आधी त्यांना विचारा.

आणि भीतीपोटी डॉक्टरांपासून घरातला इतिहास लपवू नका. माझी क्वेरी एका दिवसात सुटली. पण आजी-आत्याचं सांगितलं नसतं तर डॉक्टरांना निदान इतक्या लवकर सुचलं असतं का, मला शंका आहे.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण मी झोपलो होतो. आधी कानाची तपासणी केली, कानामागचे तळहाताएवढे केस काढले. कवटीत रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी खिडकी, सूक्ष्मदर्शकाखाली शीर उचलून मधे टेफ्लॉनचा तुकडा. एक रात्र आयसीयू. जाग आली ती डोकेदुखीने आणि मळमळीने, पण नर्सने तोंड पुसलं तेव्हा काही झालं नाही. ओठाच्या कोपऱ्याला थोडा बधिरपणा राहिला, तो दोन महिन्यांत गेला. पाचव्या दिवशी घरी. गोळ्या लगेच बंद करत नाहीत, मार्च २०२५ पर्यंत टप्प्याटप्प्याने कमी केल्या. दुखणं परत येऊ शकतं, हे सर्जननी दोनदा सांगितलंय.

घरातल्या भावंडांसाठी मी एक पान टाईप केलं. लक्षणं काय, दाढ काढायच्या आधी कुणाला दाखवायचं, कार्बामाझेपीनआधी कुठली तपासणी मागायची, आणि ही तपासणी प्रत्येकाने आपली आपली करायची. माझी निगेटिव्ह म्हणून आत्याची निगेटिव्ह, असं नसतं. ग्रुपवर टाकल्यावर चुलत भावाने हात जोडले, दुसऱ्याने गुड मॉर्निंग टाकलं. आत्याने मात्र फोन केला.

तिला मी नाशिकला त्याच न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा तिच्या दुखण्याला कागदावर नाव मिळालं. ऑपरेशन नको म्हणाली. तिची एचएलए तपासणीही निगेटिव्ह आली, पण बीपीची जी गोळी चालू होती तीही सोडियम उतरवणारी निघाली, ती आधी बदलली, मग शंभर मिलिग्रॅमपासून सुरुवात. सोडियम तिथेच अकोल्यात तपासतात, मागच्या महिन्यात १३६ होतं. इतकी वर्षं ती तोंडात कुणाला हात घालू देत नव्हती. आता त्याच उजव्या बाजूची कवळी करायला टाकली आहे, डेंटिस्टने माप घेतलं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो, आणि आतून तिचा आवाज येत होता की खालच्या दाढा जरा मोठ्या करा, मला शेंगा खायच्या आहेत.